फोनवरचे पैसे : रोख की उधार?

आमच्या दुकानात गल्ल्याच्या वर पत्र्याची एक पाटी आहे : ‘आज रोख, उद्या उधार’. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुकान काढलं तेव्हाच ती रंगवून घेतली. पाटी काहीही म्हणो, उधारीची वही गल्ल्याखालच्या खणात कायम असायची आणि ओळखीच्या माणसाला ती नाकारल्याचं मला आठवत नाही. पण रोख आणि उधार हे दोन शब्द अण्णांच्या मनात स्वच्छ वेगळे होते. माल गेला आणि पैसा हातात आला, की रोख. माल गेला आणि मागे माणसाचा शब्द राहिला, की उधार. फोनवरून पैसे देणारं पहिलं गिऱ्हाईक दुकानात उभं राहिलं तेव्हा त्यांनी दादाला विचारलं, “हे कशात धरायचं?”

या प्रश्नाचं उत्तर मिळायला आमच्या दुकानाला पाच-सहा वर्षं लागली. आणि मिळालेलं उत्तर मध्ये एकदा हातातून सुटलंही.

मी तालुक्याच्या कॉलेजात वाणिज्य शिकवते. वर्गात या विषयाचे आकडे सांगते तेव्हा माझी मलाच कमाल वाटते. यूपीआयवरच्या व्यवहारांनी महिन्याला १०० कोटींचा टप्पा ऑक्टोबर २०१९ मध्ये ओलांडला, १००० कोटींचा ऑगस्ट २०२३ मध्ये आणि २००० कोटींचा ऑगस्ट २०२५ मध्ये. मुलं आकडे उतरवून घेतात. पण गल्ल्यावर बसलेला माणूस ‘हो, चालेल’ कधी म्हणाला, त्याआधी तो का म्हणत नव्हता, आणि आज ‘चालेल’ म्हणताना त्याच्या मनात काय असतं, हे त्या आकड्यांत नाही. ते मला घरच्या दुकानात दिसलं. मी तिथेच लहानाची मोठी झाले, आजही सुट्टीच्या दिवशी वहिनीला हातभार म्हणून गल्ल्यावर बसते. म्हणून हे एकाच दुकानाचं प्रकरण. गावाचं नाव लिहीत नाही, कारण माणसं ओळखू येतील. आसपासच्या दहा-बारा वाड्यांना बाजाराला जवळ पडणारं गाव, मंगळवारचा आठवडी बाजार, एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर दुकान, एवढं पुरे.

नोटाबंदीचा हिवाळा

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या. चलनात असलेल्या पैशांपैकी किमतीच्या हिशेबाने सुमारे ८६ टक्के पैसा त्या दोन नोटांत होता. डिजिटल व्यवहारांची सुरुवात तिथून झाली असं सरसकट लिहिलं जातं. आमच्या गावात तसं झालं नाही. त्या दोन महिन्यांत गाव चाललं ते वहीवर. एरवी ज्यांची नावं वहीत कधी नव्हती, पगारदार माणसं, पोस्टातले, शाळेतले, तेही ‘लिहून ठेवा’ म्हणाले. दादाने नवी वही घेतली आणि तीही संपत आली.

त्याच दिवसांत वॉलेट कंपनीचा एक मुलगा येऊन काचेवर स्टिकर चिकटवून गेला. दादाने एका गिऱ्हाइकाकडून पन्नास रुपये घेऊन पाहिले. ते पैसे वॉलेटमध्ये दिसत होते, पण तिथून बँकेत न्यायचे तर आणखी एक सोपस्कार होता. तो त्याला जमला नाही, आणि शिकवायला तो मुलगा परत आला नाही. स्टिकर उन्हाने पांढरा पडला.

तेव्हा वर्तमानपत्रांत ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातल्या धसईची बातमी होती. १ डिसेंबर २०१६ रोजी तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या उपस्थितीत ते राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं. दुकानादुकानांत कार्ड घासायची यंत्रं बसवली गेली. पुढे तिथून बातम्या आल्या त्या व्यवहार पुन्हा रोखीकडे वळल्याच्या. मला यात धसईकरांचा दोष दिसत नाही. कार्डाच्या व्यवहारात दुकानदाराच्या हातचं काही जातं. १ जानेवारी २०१८ पासून रिझर्व्ह बँकेने डेबिट कार्डासाठी कमाल दर ठरवला, तोही छोट्या दुकानाला शंभरामागे ४० पैसे आणि वर्षाला २० लाखांवर उलाढाल असणाऱ्याला ९० पैसे. साखरेच्या किलोमागे दोन-चार रुपये सुटणाऱ्या धंद्यात ९० पैसे ही फार मोठी रक्कम आहे. शिवाय मशीनचं भाडं वेगळं, आणि रेंज गेली की मशीन नुसतंच टेबलावर. गावाला यंत्र देऊन गाव बदलेल हा हिशेब मला मुळातच उलटा वाटतो. आधी गल्ल्यावरच्या माणसाची अडचण विचारायला हवी होती.

यूपीआय तेव्हा आलेलं होतं. ११ एप्रिल २०१६ ला रघुराम राजन यांच्या हस्ते मुंबईत त्याची सुरुवात झाली होती आणि ३० डिसेंबरला भीम अ‍ॅपही निघालं. आमच्या बाजारात मात्र ते शब्द पोचायला आणखी दोन वर्षं गेली.

पुतण्याच्या फोनवर

दादाचा मोठा मुलगा पुण्याला शिकायला गेला आणि सुट्टीत घरी आला तो फोनमध्ये पैसे घेऊन. त्याच्या मित्रांनी दुकानातून बिस्किटं नेली, पैसे त्याच्या नंबरवर टाकले. मग कॉलेजची इतर मुलं, मग ग्रामीण रुग्णालयातल्या नर्सबाई, मग बँकेतले साहेब. सुट्टी संपून पोरगा पुण्याला गेला तरी गिऱ्हाइकं त्याच्याच नंबरवर पैसे टाकत राहिली. दादाकडे तेव्हा बटणांचा फोन होता.

दादा गल्ल्यावरून पुण्याला फोन लावायचा : “बाळा, दोनशे ऐंशी आले का?” पोरगा तासाला बसलेला असायचा. त्याने फोन उचलला नाही की गिऱ्हाईक पिशवी हातात धरून उभं आणि दादा फोन कानाला लावून उभा. ओळखीचं असेल तर दादा ‘जा हो, येतील’ म्हणायचा. अण्णा खुर्चीतून विचारायचे, “आले का?” दादा म्हणायचा, “येतील.” अण्णा म्हणायचे, “मग उधारच झालं की.”

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची गाठ इथे आहे. नोट हातात पडते तेव्हा विश्वासाचा प्रश्न येत नाही. शंभराची नोट गुरुजींनी दिली काय नि वाटसरूने दिली काय, ती शंभराचीच असते. फोनवर मात्र देणारा म्हणतो ‘गेले’ आणि घेणाऱ्याने ते मानायचं. मानायचं नसेल तर ‘दाखवा बघू’ म्हणायचं. शहरातल्या मॉलमध्ये ‘दाखवा’ म्हटलं तर कुणाला काही वाटत नाही. आमच्याकडे ज्या माणसाच्या घरी आपण लग्नाला जेवलो त्याला ‘फोन दाखवा’ म्हणणं म्हणजे तोंडावर अविश्वास दाखवणं.

एक प्रसंग सांगते. दादाला लहानपणी शिकवलेले गुरुजी, निवृत्त, ३४० रुपयांचं सामान घेऊन निघाले. फोनवर बोट फिरवलं, ‘गेले बघ’ म्हणाले आणि गेले. पैसे आले नव्हते. दादाने दुसऱ्या दिवशी विचारलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. वहीतही लिहिलं नाही, कारण गुरुजींनी उधार मागितलंच नव्हतं. वहिनी म्हणाली, ‘सांगा ना त्यांना.’ दादा म्हणाला, ‘कसं सांगू?’ चौथ्या दिवशी गुरुजी स्वतःच आले. व्यवहार अडकला होता आणि रक्कम त्यांच्या खात्यात परत जमा झाली होती. त्यांनी ३४० रुपये मोजून काउंटरवर ठेवले. हात थरथरत होता. “मला सांगायचं नाही का रे? चार दिवस मी तुझ्या मनात बुडवा होतो?” दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. पैसे बुडाले नव्हते, पण दोघांच्या मध्ये चार दिवस काहीतरी विनाकारण साचलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस दादा ‘ऑनलाइन चालेल का?’ असं कुणी विचारलं की ‘नेट नाही’ म्हणायचा. नेट असायचं.

टाळेबंदी आणि बोलका डबा

मार्च २०२० मध्ये दुकानाच्या दाराला दोरी बांधली. नोटा टोपलीत टाकायच्या, दादा त्या काठीने सरकवून घ्यायचा आणि वहिनी त्या उन्हात पसरायची. काही घरांत नोटांवरून इस्त्रीही फिरली. नोटेला हात लावायची भीती सगळ्यांना सारखीच होती. यादी फोनवर यायची, सामानाची पिशवी ओट्यावर ठेवली जायची आणि पैसे फोनवर. दादाने तेव्हा पहिला टचचा फोन घेतला, स्वतःच्या नंबरवर, स्वतःच्या खात्याला जोडलेला. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून घ्यायचं शुल्कही शून्य झालं होतं. त्याला ते मीच समजावून सांगितलं. त्याने तीनदा विचारलं, “पुढे काही कापणार नाहीत ना?” पुढची हमी मी देऊ शकत नव्हते. आज कापत नाहीत एवढंच सांगितलं.

भीती ओसरल्यावर बरीच गिऱ्हाइकं रोखीवर परत आली. ती परत फोनकडे वळली ती बोलक्या डब्यामुळे, असं मी खात्रीने म्हणते.

त्या डब्याला बाजारात कुणी बॉक्स म्हणतं, कुणी स्पीकर, आमच्या वाडीवरच्या बायका ‘बोलका डबा’ म्हणतात. महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये भाडं. पैसे जमा झाले की मोठ्याने मराठीत रक्कम सांगतो. दादाने तो घेतला तेव्हा अण्णांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. फोनवरची बारीक अक्षरं त्यांना दिसत नव्हती, त्यामुळे दुपारी दादा जेवायला गेला की अण्णा गल्ल्यावर आणि फोनवाल्या गिऱ्हाइकाला ‘नंतर या’. डबा आला त्या दुपारी एका पोराने वीस रुपयांचा शाम्पू घेतला, स्कॅन केलं, आणि डब्यातून आवाज आला, “वीस रुपये प्राप्त झाले.” अण्णांनी मान वर केली. पोराला म्हणाले, “जा.” गल्ल्याला हातही न लावता त्यांनी केलेली ती पहिली विक्री.

संध्याकाळी ते दादाला म्हणाले, “हे रोखीत धर.”

डब्याने काय केलं ते नीट पाहिलं पाहिजे. त्याने ‘दाखवा’ हा शब्द दुकानातून काढून टाकला. आता विचारायचं नव्हतं, दाखवायचं नव्हतं. दोघंही क्षणभर डब्याकडे कान देऊन उभे राहतात आणि आवाज आला की दोघंही मोकळे. गुरुजी आता फोनवरच पैसे देतात, आणि आवाज येईपर्यंत पिशवी उचलत नाहीत. खोटे स्क्रीनशॉट दाखवून माल नेण्याचे प्रकार तालुक्याच्या बाजारात झाले होते, तेही डब्यापुढे चालत नाहीत. मंगळवारच्या गर्दीत चार अनोळखी माणसं एकदम स्कॅन करत असतात तेव्हा दादाला कुणावर नजर ठेवावी लागत नाही.

त्याची एक दुसरी बाजूही आहे. डबा सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं बोलतो. कुणी किती रुपयांचं घेतलं हे रांगेतल्या प्रत्येकाला कळतं. एकदा एक बाई पंधरा रुपयांचं तेल सुटं घेऊन गेल्या आणि डब्याने ‘पंधरा रुपये’ खणखणीत सांगितले. त्यांच्या मागे सरपंचांची सून होती. त्या बाई नंतर महिनाभर रोखच द्यायच्या. वहिनीच्या हे लक्षात आलं. तिने डब्याचा आवाज काउंटरपुरता केला आणि तो आजही तेवढाच आहे.

भवानीचा प्रश्न वेगळाच होता. सकाळची पहिली विक्री, तिची नोट डोळ्यांना लावून, गल्ल्याला टेकवून आत टाकायची, हा अण्णांचा नेम. पण सकाळी साडेसहाला येणारी पहिली गिऱ्हाइकं म्हणजे दुधाची पिशवी आणि पाव नेणारी कॉलेजची मुलं, त्यांच्या खिशात नोट नसतेच. काही महिने अण्णांनी त्यांना थांबवून धरलं : ‘आधी कुणीतरी रोखीचं येऊ दे.’ मुलांची एसटी चुकायला लागली. मग एके दिवशी डबा बोलला आणि अण्णांनी त्यालाच हात जोडले. त्यावर घरात कुणी काही बोललं नाही.

सुट्ट्या पैशांचं सांगायलाच हवं. दोन रुपये परत द्यायचे म्हणून चॉकलेट, दहाचं नाणं कुणी घ्यायचं नाही म्हणून वाद, हे रोजचं होतं. दहाच्या नाण्याचे सगळे १४ नमुने चालतात असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर करूनही ते वाद थांबले नव्हते. फोनवर सत्तेचाळीस म्हणजे सत्तेचाळीस. दोन्ही बाजूंना याचा आनंद झाला, आणि तो खरा होता.

माल देणाऱ्याने घेतलं तेव्हा

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की दुकानदाराने स्टिकर लावला की झालं. दादाची अडचण गल्ल्याच्या अलीकडेही होती. बँकेतला पैसा त्याला उपयोगी पडायचा तर पुढच्यानेही तो तसाच घ्यायला हवा. एजन्सीचा सेल्समन आठवड्याला येतो, तो रोख मागायचा. गुळाचा व्यापारी रोख. टेम्पो उतरवणारा हमाल संध्याकाळी रोख. दिवसभर फोनवर जमा झालेले पैसे बँकेत आणि दादा संध्याकाळी हमालाला द्यायला शेजारच्या औषधाच्या दुकानातून दोनशे रुपये उसने आणतोय, हे मी पाहिलं आहे. गावात एक एटीएम, तेही पुष्कळदा कोरडं. तेव्हा दादा म्हणायचा, “पैसा आहे, पण अडकलेला आहे.”

ते सुटलं वरून. आधी मोठ्या एजन्स्यांनी स्टिकर दिला, मग गुळाच्या व्यापाऱ्याने. हमाल सगळ्यांत शेवटी, आणि तोही त्याच्या मुलीने खातं जोडून दिलं म्हणून. त्याचं खातं जिल्हा बँकेत होतं, कार्ड कुठे ठेवलंय ते सापडत नव्हतं, आणि कार्डाशिवाय पिन बनवताना अडलं. शेवटी आधारवर जमलं. हमालाने पहिल्यांदा फोनवर मजुरी घेतली त्या दिवसापासून दादाने दुकानात ‘नेट नाही’ म्हटलेलं मी ऐकलं नाही.

खातं गोठलं तेव्हा

हा भाग लिहिताना मला अजूनही राग येतो.

दोन वर्षांपूर्वीचा एक मंगळवार. अनोळखी माणूस, साडेसहाशे रुपयांचं तेल-साखर. डबा बोलला, माल गेला. पुढच्या आठवड्यात दादाने एजन्सीला पैसे पाठवायला फोन उघडला तर व्यवहार होईना. बँकेत गेला. कळलं की खातं गोठवलं आहे. दुसऱ्या राज्यात कुणाची तरी ऑनलाइन फसवणूक झाली होती, त्या पैशाची साखळी त्या अनोळखी माणसाच्या खात्यातून दादाच्या खात्यापर्यंत आली होती. फसवलेल्या माणसाने तक्रार केली हे योग्यच. साखळीतले पैसे अडवले हेही समजतं. पण साडेसहाशे रुपयांसाठी सगळं खातं? त्यात मुलीच्या फीचे पैसे होते, एजन्सीचे होते, अण्णांच्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनचे होते. शाखेतल्या माणसाने एका कागदावर दूरच्या पोलीस ठाण्याचं नाव लिहून दिलं : तिथून पत्र आणा. दादा आजवर महाराष्ट्राबाहेर फक्त तिरुपतीला गेला होता.

साडेतीन आठवडे गेले. ई-मेल मी लिहिले, बिलाची प्रत, दुकानाचा परवाना, अर्ज. एजन्सीचा एक चेक परत गेला आणि त्याचा दंड दादाने भरला. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच प्रकरणांत सांगितलं होतं की संशयित रकमेपुरतंच बंधन ठेवावं. हे मी शाखेत सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, झालं काही नाही. शेवटी साडेसहाशे अडकवून बाकीचं खातं मोकळं झालं.

त्या साडेतीन आठवड्यांत दादाने स्टिकर उलटा करून ठेवला. डब्याची वायर काढली. बातमी बाजारभर झाली आणि आमच्या ओळीतल्या आणखी काही दुकानांनी अनोळखी गिऱ्हाइकाकडून फोनवर पैसे घेणं बंद केलं. अण्णा एवढंच म्हणाले, “नोट कुणाच्या हातून आली हे नोट सांगत नाही. हे सांगतं.” आलेला पैसा आठ दिवसांनी परत जाऊ शकतो, आणि स्वतःबरोबर घरचाही अडकवू शकतो, तर तो रोख कसा, हा त्यांचा प्रश्न होता. माझ्याकडे याचं चांगलं उत्तर आजही नाही. दादाने स्वतःच मार्ग काढला. दुकानासाठी वेगळं खातं, आणि त्यातले पैसे रोज रात्री दुसरीकडे. गिऱ्हाइकं फोनच पुढे करत होती, म्हणून स्टिकर सरळ झाला. पण जी काळजी यंत्रणेने वाहायला हवी ती एका किराणा दुकानदाराच्या रोजच्या रात्रीच्या कामात जाऊन बसली, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

पुढचा धक्का जुलै २०२५ मध्ये शेजारून आला. कर्नाटकात यूपीआयवरच्या जमा रकमा पाहून वाणिज्य कर खात्याने छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या, बंगळुरात दुकानांवर ‘यूपीआय नाही, रोख द्या’ असे कागद लागले. २३ जुलैला मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी व्यापाऱ्यांना जुनी थकबाकी वसूल करणार नसल्याचं सांगितलं. पण तोवर त्या कागदांचे फोटो आमच्या व्यापारी संघटनेच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून गेले होते. दादा आधीच नोंदणीकृत आहे, एक टक्क्याच्या योजनेत कर भरतो, त्याला धोका नव्हता. घाबरली ती कोपऱ्यावरची भाजीवाली मावशी. ताज्या भाजीवर जीएसटी नाही आणि मालाच्या विक्रीला नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांची आहे, हे तिला तिच्या टोपल्यांपाशी बसून सांगितलं. ती म्हणाली, “ताई, तुमी म्हणता ते खरं. पण नोटीस आली तर वाचणार कोण?” तिने स्टिकर दोन महिने पिशवीत ठेवला. दोन महिन्यांनी परत लावला, कारण गिऱ्हाईक पुढच्या टोपलीकडे जात होतं.

१२ एप्रिल २०२५ ला, शनिवारी, हनुमान जयंतीच्या दिवशी देशभर यूपीआय काही तास अडलं होतं. भंडाऱ्याचं सामान न्यायला गर्दी आणि फोनवर नुसतं गोल फिरणारं चक्र. दादाने काही न बोलता खणातून वही काढली. तरुण पोरांची नावं त्यात पहिल्यांदाच लिहिली गेली. संध्याकाळपर्यंत बहुतेकांनी घरूनच पैसे पाठवले, आणि दादा डब्याचा आवाज आला की एकेक नाव खोडत होता. ती वही अजून आहे, हे मला फार बरं वाटतं.

डाळीच्या डब्यातले पैसे

शेवटी ज्या गिऱ्हाइकांबद्दल मला जास्त सांगायचं आहे त्या बायका. आमच्या दुकानात येणाऱ्यांत अर्ध्याहून जास्त त्याच.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते ऑगस्ट २०२४ मध्ये आले आणि कितीतरी जणी स्वतःच्या खात्यातले पैसे प्रथमच मोजत होत्या. काहींनी मुलाकडून फोनवर पैसे द्यायला शिकून घेतलं. पहिल्यांदा स्कॅन करताना वहिनीला बाजूला बोलावून, हळू आवाजात, ‘बोट कुठं दाबू?’ असं विचारलेलं मी ऐकलं आहे. पैसे गेल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर येणारा आनंद मी विसरणार नाही. त्याचबरोबर कनवटीला गाठ मारून नोटा आणणाऱ्या आज्या आहेत. त्यांच्यासाठी दादा रोख घेतो, घेत राहील. त्याबाबत त्याच्या मनात शंका नाही, आणि कुठल्याही दुकानदाराच्या मनात ती असू नये असं मला वाटतं. एखाद्या आजीला ‘फोन नाही तर माल नाही’ म्हणणारं दुकान मला पाहायचं नाही.

पण मधल्या बायकांची गोष्ट कुणी लिहीत नाही. घरखर्चाची नोट मिळायची, सामान आणायचं, परत आलेले पंधरा-वीस रुपये डाळीच्या डब्यात. घरात कुणी विचारायचं नाही. त्यातून भिशी चालायची, माहेरी जायचं भाडं निघायचं, पोरीला वही यायची. आमची आईही तसंच करायची. फोनवर सगळं रुपयाला रुपया. परत यायला काही उरतच नाही. आणि वर प्रत्येक व्यवहाराची तारीख-वार नोंद, घरातलं कुणीही पाहू शकेल अशी.

आमच्या एका गिऱ्हाइकाचा नवरा भिवंडीला गाडीवर असतो. पूर्वी तो महिन्याला येऊन हातात नोटा द्यायचा, आता तिच्या खात्यावर टाकतो. घरी आला की फोन हातात घेऊन खाली खाली सरकवत जातो, ‘हे शंभर कशाचे? हे साठ कुठले?’ तिने मला हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, तांदूळ निवडता निवडता बोलण्याच्या ओघात सांगितलं. वाईट माणूस नाही तो, म्हणाली. विचारतो एवढंच.

गेल्या पावसाळ्यापासून ती महिन्यातून दोन-तीनदा येते. गव्हाचं पीठ, गोडं तेल, चहापूड, साबण. दादा बेरीज करतो, ४४० होतात. ती स्कॅन करते आणि ५०० टाकते. डबा काउंटरपुरत्या आवाजात सांगतो, “पाचशे रुपये प्राप्त झाले.” दादा गल्ला उघडतो, पन्नासची एक नोट आणि दहाचं एक नाणं काढतो आणि सामानाच्या पिशवीत, वरच्या बाजूला, पुड्याखाली सरकवून देतो. ती पिशवी उचलते. दोघंही काही बोलत नाहीत, आणि दादा हे कुठेही लिहून ठेवत नाही.